‘लिम्बो’ दाखवायचा असेल तर

घोडबंदर रोडवरच्या सोसायटीचं क्लबहाउस असो, नौपाड्यातलं वाचनालय असो की नेरूळ-वाशीतलं एखादं समाजमंदिर, महिन्यातून एकदा चांगला परदेशी सिनेमा दाखवणाऱ्या गटांसाठी हे लिहितो आहे. सिनेमा आहे ‘लिम्बो’ (२०२०), दिग्दर्शक बेन शॅरॉक. स्कॉटलंडच्या एका आडबाजूच्या बेटावर चार पुरुष एका घरात राहतात आणि ब्रिटिश सरकार आपल्याला आश्रय देणार की नाही, याच्या पत्राची वाट बघतात. ओमर सीरियाचा, फरहाद अफगाणिस्तानचा आणि वासेफ-अबेदी आफ्रिकेतून आलेले.

यात सगळ्यात जास्त काय फसतं? प्रोजेक्टर नाही, आवाज नाही. लोक हसत नाहीत, हे फसतं. निर्वासितांचा सिनेमा म्हटल्यावर माणसं श्राद्धाला बसावं तशी गंभीर होऊन बसतात आणि पहिल्या वीस मिनिटांतले विनोद तसेच निघून जातात. मग पुढे सिनेमा जिथे काळजाला हात घालतो, तिथेही पकड बसत नाही. कारण दिग्दर्शकाने ती जागा हसवूनच तयार केलेली असते. म्हणून व्हॉट्सॲपवर निमंत्रण पाठवताना ‘हृदयद्रावक’, ‘अंगावर काटा आणणारा’, ‘अंतर्मुख करणारा’ हे शब्द नकोत. सरळ लिहा: विनोदी सिनेमा, जरा संथ, शेवटाकडे गंभीर होणारा, मध्यंतर नाही. संवादांत शिव्या आणि वंशावरून केलेली हेटाळणी आहे, हे पालकांसाठी एका ओळीत लिहावं. आठवी-नववीच्या पुढच्या मुलांना बसवायला आमच्या मते काहीच हरकत नाही.

परवानगीचं थोडक्यात. घरच्या ओटीटी खात्यावरून किंवा स्वतःच्या डिस्कवरून हॉलमध्ये सिनेमा दाखवायचा हक्क मिळत नाही, तिकीट नसलं तरीही. हक्कधारक किंवा वितरकाला लेखी विचारावं लागतं. पत्रात तारीख, जागा, आसनसंख्या, तिकीट आहे की मोफत, आणि एकच खेळ की अधिक, एवढं लिहिलं की उत्तर लवकर येतं. सेन्सॉर प्रमाणपत्र नसलेला परदेशी सिनेमा जाहीरपणे दाखवता येत नाही. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीजशी संलग्न संस्थेमार्फत सूट मिळवता येते, आणि ती सभासदांपुरतीच असते. हे सगळं निदान दीड-दोन महिने आधी सुरू करा. हॉल आधी आणि परवानगी नंतर, असा उलटा क्रम लावला की शेवटच्या आठवड्यात धावपळ होते.

आता चौकट. सगळा जीव इथे आहे, म्हणून इथे थोडा वेळ घेतो.

सिनेमा जवळजवळ संपूर्ण ४:३ चौकटीत आहे, जुन्या टीव्हीसारख्या चौकोनी आकारात. माणूस मधोमध उभा, वर प्रचंड आभाळ, मागे ओसाड माळ, अशी दृश्यं एकामागून एक येतात. छायाचित्रणकार निक कुक यांनी कॅमेरा बहुतेक वेळ स्थिर ठेवला आहे. विनोद त्या स्थिरपणात आहे. चौघं एका ओळीत उभे, कोणाच्याही चेहऱ्यावरची रेषा हलत नाही, आणि कडेला कुठेतरी काहीतरी विचित्र चाललेलं असतं. कड कापली की विनोद गेला.

हॉलमधले बहुतेक पडदे आणि प्रोजेक्टर १६:९ आकाराचे असतात. त्यावर हा सिनेमा लावला की डावी-उजवीकडे काळे पट्टे दिसतात. ते दिसायलाच हवेत. पण पाच मिनिटांत कोणीतरी उठून सांगतं, ‘चित्र पूर्ण पडद्यावर येत नाहीये,’ आणि ऑपरेटर रिमोट उचलतो. ‘फुल’ किंवा ‘वाइड’ दाबलं तर चित्र आडवं ताणलं जातं आणि माणसं एक तृतीयांशाने रुंद दिसतात. ‘झूम’ केलं तर वरखालून मिळून उंचीचा चौथा हिस्सा कापला जातो, म्हणजे आभाळही गेलं आणि सबटायटलही. रिमोट आयोजकाच्या खिशात असावा. प्रोजेक्टरची सेटिंग ‘ऑटो’ किंवा ‘ओरिजिनल’ ठेवा. लॅपटॉपवरच्या व्हीएलसी प्लेअरवर लावत असाल तर कीबोर्डवरचं ‘ए’ बटण चित्राचं प्रमाण बदलतं, ‘सी’ कापतं आणि ‘झेड’ झूम करतं, तेव्हा सुरू झाल्यावर लॅपटॉपला हात लावू नका. प्रमाण बरोबर आहे का हे बघायला गोल वस्तू शोधा. गाडीचं चाक अंडाकृती दिसलं तर कुठेतरी ताण बसला आहे.

याहून अवघड घोळ जुन्या, मुळातच ४:३ असलेल्या प्रोजेक्टरवर होतो. बऱ्याच शाळांत आणि जुन्या हॉलमध्ये १०२४ × ७६८ चे प्रोजेक्टर अजून आहेत. फाइल १६:९ ची, तिच्यात आत काळे पट्टे, आणि प्रोजेक्टर पुन्हा वरखाली काळं सोडतो; चित्र चारही बाजूंनी काळ्यात अडकून टीचभर होतं. तेव्हा लेन्सचं झूम वाढवून चित्र पडदाभर करायचा मोह होतो, आणि तासभर सगळं झकास दिसतं. पण शेवटाकडे दिग्दर्शक चौकट रुंद करतो. इतका वेळ कोंडलेलं चित्र एकदम मोकळं होतं, तो या सिनेमाचा कळस आहे. झूम वाढवून ठेवलं असेल तर नेमकं तेव्हाच चित्र पडद्याबाहेर भिंतीवर सांडतं. म्हणून मापं सुरुवातीच्या दृश्यावर लावू नका. आदल्या दिवशी शेवटची पंधरा मिनिटं लावा, रुंद चित्र पडद्यावर नीट बसवा, मग सुरुवातीला या. सुरुवातीचं चित्र लहान वाटेल; ते तसंच ठेवायचं.

लहान चित्राचा हिशेब खुर्च्या मांडताना धरावा लागतो. १० फूट रुंद पडद्याची १६:९ मध्ये उंची होते साधारण साडेपाच फुटांच्या थोडी वर, आणि त्यात ४:३ चं चित्र साडेसात फूट रुंद बसतं. शेवटची रांग चित्राच्या उंचीच्या सहापटीहून मागे नको, म्हणजे ३० ते ३३ फुटांत खुर्च्या संपवा. त्यामागे बसलेल्यांना ओमरचा चेहरा दिसत नाही, नुसता निळा कोट दिसतो, आणि हा चेहऱ्यांचा सिनेमा आहे. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर घ्या, नाहीतर पुढच्यांची डोकी सबटायटल खातात. प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ बसवा. तिरका ठेवून कीस्टोनने (चित्राच्या तिरक्या कडा सरळ करणाऱ्या सेटिंगने) सरळ केलं की तीक्ष्णपणा आणि उजेड दोन्ही घटतात.

रंग करडे आहेत. ढगाळ आभाळ, ओलं गवत, थंड समुद्र. असं चित्र बाहेरच्या उजेडात लगेच धुऊन निघतं. पूर्ण अंधारात ३,००० ते ३,५०० ल्युमेनचा प्रोजेक्टर १० फुटी पडद्याला पुरतो, पण नव्या क्लबहाउसच्या काचेच्या भिंतींपुढे ५,००० सुद्धा हरतो. मे-जूनमध्ये आपल्याकडे सूर्यच सातनंतर मावळतो. साडेसातच्या आत सुरू करू नका. डिसेंबरात सहालाच अंधार होतो, तेव्हा साडेसहाही चालतं. जुन्या हॉलच्या छताजवळची झरोक्यांची काच सगळे विसरतात. बाहेरचा रस्त्यावरचा दिवा तिथून थेट पडद्यावर येतो. काळा कागद आणि चिकटपट्टी, दहा मिनिटांचं काम आहे.

आवाजाच्या बाबतीत या सिनेमाची मागणी इतरांपेक्षा वेगळी आहे: शांतता ऐकू आली पाहिजे. वारा वाहतो, कोणी बोलत नाही, तीन-चार सेकंद जातात, आणि मग एक वाक्य येतं. ते सेकंद पंख्यांच्या घरघरीत बुडाले की वाक्याला धार उरत नाही. एसी असेल तर आधी अर्धा तास चालवून हॉल गार करा आणि पंखे बंद ठेवा. नसेल तर हा सिनेमा डिसेंबर-जानेवारीत लावा. पत्र्याच्या छपराच्या हॉलमध्ये पावसाळ्यात तर लावूच नका.

हॉलची भाषणाची साउंड सिस्टिम वापरू नये. तिच्यात खालचे स्वर नसतात, आणि इथे ऊद आहे. ओमर ऊदवादक आहे. आजोबांचा ऊद पेटीत घालून तो माळरानावर सगळीकडे वाहतो, हात प्लास्टरमध्ये असल्याने वाजवत नाही. ऊद म्हणजे आखूड दांडीचं, फुगीर पोटाचं तंतुवाद्य, बहुधा अकरा तारांचं: पाच जोड्या आणि एक एकटी. सरोदसारखेच याला पडदे नसतात, म्हणून मधले सूर मींडेने घेता येतात. ठाण्यात संगीताच्या जाणकारांची कमी नाही, चर्चेत हा प्रश्न हमखास येतो. पडद्याच्या दोन बाजूंना दोन बऱ्यापैकी स्पीकर ठेवा, कानाच्या उंचीला. पातळी संवादावरून ठरवा आणि मग हलवू नका. वाऱ्याची दृश्यं मोठी वाटतील, ती तशीच आहेत. लॅपटॉपमधलं ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ आणि साउंडबारमधला ‘नाइट मोड’ बंद करा. हे दोन्ही शांत जागेतला आवाज आपोआप वर उचलतात आणि सगळा सिनेमा एकाच पट्टीत घोंगावतो. एचडीएमआय जोडली की आवाज कित्येकदा प्रोजेक्टरच्या आतल्या छोट्या स्पीकरला जातो; आउटपुट कुठे आहे ते तपासा.

सबटायटलची गंमत अशी, की आधी दिसलं तर लोक आधी हसतात आणि नट बोलतो तेव्हा हॉल गप्प असतो. अर्ध्या सेकंदाचा फरकही कळतो. व्हीएलसीत ‘जी’ आणि ‘एच’ या बटणांनी ५० मिलिसेकंदांच्या पावलांनी वेळ जुळवता येते. ही जुळवणी आदल्या दिवशीच करा. कर्णबधिरांसाठीच्या सबटायटलमध्ये वाऱ्याचा, दाराचा आवाजही लिहून येतो. प्रेक्षकांत गरज असणारं कोणी असेल तर जरूर लावा, नसेल तर साधी लावा. संवाद बरेचसे इंग्रजीत आहेत, पण नाना ठिकाणच्या उच्चारांचे, त्यामुळे इंग्रजी संवादांनाही इंग्रजी सबटायटल ठेवलेली बरी. मराठी सबटायटल करायची तर हक्कधारकाची परवानगी त्याच पत्रात मागा. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग उमटते. देवनागरीचा नीट फॉन्ट निवडा, कारण काही प्लेअर जोडाक्षरं फोडतात. आणि एका ओळीत ३० ते ३२ अक्षरांच्या वर जाऊ नका, चौकट अरुंद आहे.

वीज. साध्या लॅम्पचा प्रोजेक्टर ३०० वॉटच्या आसपास खातो. एक केव्हीएचा यूपीएस लावला तर तो आणि लॅपटॉप दोन्ही काही मिनिटं तगतात. मुद्दा त्या मिनिटांचा नाही. वीज क्षणभर गेली तरी लॅम्प गार झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, आणि त्या खंडात मोबाइल बाहेर येतात, ते परत आत जात नाहीत.

मध्यंतर नको, हे आमचं ठाम मत. सिनेमा पावणेदोन तासांच्या आतला आहे. पहिला तास मुद्दाम संथ ठेवला आहे. माळावरचा तो एकटा टेलिफोन बूथ, तिथली रांग, पुन्हा तेच घर, पुन्हा तोच रस्ता. प्रेक्षकालाही थोडं ताटकळावं लागतं आणि ते ताटकळणं साठत जातं. मध्ये बटाटेवडा आला की सगळं सांडतं. चहा-वडा आधी द्या, दार वेळेवर लावा. नऊ-सव्वानऊला सिनेमा संपला तर चर्चा होऊन कल्याण-पनवेलकडच्या मंडळींना गाडी मिळते.

सुरुवातीचं निवेदन पाच मिनिटांचं असावं, आणि त्यात कथा अजिबात नको. दिग्दर्शकाने २००९ मध्ये, युद्धाआधी, दमास्कसमध्ये वास्तव्य केलं होतं, एवढं त्याच्याबद्दल पुरे. बाकी वेळ नियमांना द्या, कारण विनोद नियमांवर उभा आहे. ब्रिटनमध्ये आश्रयाचा अर्ज केलेल्या माणसाला निकाल लागेपर्यंत नोकरी करता येत नाही. सिनेमाच्या काळात बारा महिने उलटले तर परवानगी मागता येई, तीही टंचाईच्या म्हणून ठरवलेल्या ठरावीक कामांसाठीच. राहायची जागा सरकार ठरवतं, ही पद्धत १९९९ च्या कायद्यातून आली. भत्ता २०१८-१९ च्या सुमारास आठवड्याला ३७.७५ पौंड होता. हे कानावर गेलं की दान केलेल्या कपड्यांच्या ढिगातून कोट निवडणारा ओमर, चेल्सीकडून खेळण्याची स्वप्नं बघणारा वासेफ आणि ‘फ्रेंड्स’ मालिकेतलं भांडण जगण्या-मरण्याचा प्रश्न असल्यागत लढवणारं ते घर, सगळं लख्ख होतं. त्यांना दुसरं काही करायची मुभाच नाही.

पहिलंच दृश्य घ्या. ‘सांस्कृतिक जाणीव’ शिकवणाऱ्या वर्गात हेल्गा आणि बोरिस हे दोघे शिक्षक. फळ्यावर धडा लिहिलेला: हसणं म्हणजे आमंत्रण समजायचं का? गाणं लागतं, हेल्गा नाचते, बोरिस जवळ येतो, अंगचटीला येतो, तिची थप्पड बसते. हे सगळं समोर बसलेले पुरुष दगडी चेहऱ्याने बघत असतात. दिग्दर्शक कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यांवर ठेवतो आणि थांबतो. हे लोक युद्धातून वाट काढून आलेले, आणि त्यांना शिकवलं काय जातंय? हॉलमध्ये पहिलं हसू इथे फुटलं पाहिजे. आयोजकांपैकी दोघा-तिघांनी आधी सिनेमा बघितलेला असतो. त्यांनी पुढच्या रांगेत न बसता प्रेक्षकांत विखरून बसावं आणि हसू आलं तर मोकळेपणी हसावं. बाकीच्यांचा संकोच जातो.

चर्चेला २०-२५ मिनिटं पुरतात. नेहमीचे प्रश्न ठरलेले आहेत. असं बेट खरंच आहे का? चित्रीकरण आउटर हेब्रिडीज या स्कॉटिश बेटसमूहातल्या यूइस्ट बेटांवर झालं, पण बेट कथेपुरतं रचलेलं आहे. त्या काळात स्कॉटलंडमध्ये आश्रयार्थींना ग्लासगोत ठेवत. आईवडील इस्तंबूलमध्ये आहेत, तर ओमर तिथेच का राहिला नाही? याचं उत्तर तयार ठेवा, कारण त्यात राग-लोभ नाही, कायदा आहे. निर्वासितांविषयीचा १९५१ चा जिनिव्हा करार तुर्कस्तानने मान्य केला तो युरोपातून येणाऱ्यांपुरता. त्यामुळे सीरियन माणसाला तिथे निर्वासिताचा पूर्ण दर्जा मिळत नाही, ‘तात्पुरतं संरक्षण’ मिळतं. एके काळी असे ३६ लाखांवर सीरियन तिथे होते. आणि भारत? भारताने १९५१ च्या करारावरही सही केलेली नाही आणि १९६७ च्या प्रोटोकॉलवरही नाही.

मग कोणीतरी उल्हासनगर म्हणतंच, आणि म्हणायलाच हवं. ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर लाखाच्या घरात सिंधी माणसं आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं, आणि पत्ता सांगताना अजून ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असंच म्हणतात. ठाणे पूर्वेला तशीच कोपरी कॉलनी आहे. प्रेक्षकांत त्या घरांतली ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यांना आधी बोलू द्या. मालमत्तेच्या ‘क्लेम’साठी सरकारी कागदांची वाट बघणं म्हणजे काय, हे त्या घरांत ऐकून माहीत असतं. फरक मात्र निवेदकाने स्पष्ट करावा. ते आले ते नागरिक म्हणून, राहू देणार की नाही हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. ओमरपुढे तोच एक प्रश्न आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीचाही उल्लेख करा: दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. चर्चा आजच्या राजकारणावर घसरू लागली तर निवेदकाने बेटावरच्या शीख दुकानदाराकडे यावं. आधी आलेला परका आणि नंतर आलेला परका काउंटरच्या दोन बाजूंना उभे आहेत. ओमर सुमाक मागतो, आपल्या आमचुरासारखी आंबट भुकटी. त्या दोघांत काय चाललंय, असं विचारलं की सगळे परत सिनेमात येतात.

जोडीला काही दाखवायचं असेल तर चॅप्लिनचा ‘द इमिग्रंट’ (१९१७) आधी लावा. लांबी पंचवीसेक मिनिटांची, मूकपट, तोही ४:३ च्या जवळच्या चौकटीत, म्हणजे सेटिंग बदलायला नको. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे मूळ चित्रपट मोकळा आहे. नव्याने संगीत चढवलेली आवृत्ती मात्र विचारून घ्यावी. त्यात स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो, आणि लगेच बोटीवरच्या सगळ्यांना दोरीने एका बाजूला ढकलून अडवतात. त्यावर लोक मनापासून हसतात, आणि हसायला सरावलेला हॉल ‘लिम्बो’च्या हाती मिळतो. आकी कौरिस्माकीचा ‘द अदर साइड ऑफ होप’ (२०१७) त्याच संध्याकाळी नको. हेलसिंकीत आश्रय मागणाऱ्या सीरियन तरुणाची गोष्ट आहे, विनोदाची जातही तीच, आणि दोन्ही लागोपाठ बघितले की दुसरा फिका पडतो. तो पुढच्या महिन्याला ठेवा, आणि त्याच्या परवानगीचं पत्र आत्ताच्याच पत्राबरोबर पाठवा.